हातउसन्या गोष्टींचा सिनेमा: पहिल्यांदा फिल्म करणाऱ्यांसाठी

कमी पैशांत फिल्म करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो कॅमेऱ्याचा. कुठला घेऊ, भाड्याने घेऊ की विकत, फोनवर चालेल का? याचं उत्तर एका ओळीत संपतं: जो कॅमेरा सहज मिळतोय आणि जो नीट चालवणारा माणूस तुमच्याकडे आहे, तो घ्या. घोडं अडतं ते दुसरीकडेच. ज्याच्याकडे पैसे नसतात तो फिल्म करतो ती दुसऱ्यांची घरं, सुट्ट्या, गाड्या आणि भीड यांच्या जिवावर. सगळंच हातउसनं. हातउसन्याची पावती नसते, त्यामुळे आपण एकेकाकडून किती घेऊन बसलोय ते कळत नाही. मग शूटिंग निम्म्यावर आलेलं असताना एक दिवस समोरचा माणूस म्हणतो, ‘आता पुरे.’ पुढे जे लिहिलंय ते बरंचसं हा हिशोब कसा ठेवायचा त्याबद्दल आहे.

आधी यादी, मग गोष्ट

गोष्ट सुचली, लिहिली आणि मग ती परवडेल कशी याचा विचार केला, हा क्रम मोठ्या निर्मात्यांना शोभतो. तुम्ही उलट्या बाजूने या. एक वही घ्या आणि हाताशी काय काय आहे ते लिहून काढा. कुणाचं घर महिनाभर रिकामं असतं, कुणाच्या ऑफिसला शनिवार-रविवार कुलूप असतं, कुणाकडे जुनी गाडी आहे, कुणाचे आजोबा नुसते बसलेले दाखवले तरी बघत राहावंसं वाटतं. ही वही म्हणजे तुमचा लोकेशन विभाग, कला विभाग आणि अर्धं कास्टिंग. गोष्ट तिच्यातून निघाली पाहिजे.

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ ओरेन पेलीने 2006 मध्ये स्वतःच्या राहत्या घरात, आठवड्याभरात, सुमारे 15,000 डॉलरमध्ये शूट केली. ती भयपट म्हणून कशी आहे ते बाजूला ठेवा, तिची पटकथा व्यवहाराच्या नजरेने बघा. गोष्टीतलं जोडपंच रात्री ट्रायपॉडवर कॅमेरा लावून झोपतं. म्हणजे घर आपलं, मुख्य नट दोन, कॅमेरा हलवायला माणूस नको आणि चित्र हौशी दिसलं तरी तेच बरोबर. काटकसर गोष्टीतच मुरलेली आहे, वरून लादलेली नाही.

लिहिताना महाग काय पडतं ते ओळखायला शिका. रात्रीचं बाहेरचं दृश्य, पाऊस, गर्दी, लहान मुलं, प्राणी, चालती गाडी ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. फसवतो तो वेगळाच सीन: सहा जण टेबलाभोवती बसून जेवतायत आणि बोलतायत. कागदावर याच्याइतकं स्वस्त काही नाही, एक खोली आणि एक टेबल. शूटला बसलात की कळतं, प्रत्येकाचा क्लोजअप हवा, प्रत्येक जण कुणाकडे बघतोय ती नजरेची दिशा जुळायला हवी, आणि दर टेकला सहा ताटं पुन्हा आधीसारखी भरायला हवीत. नटांना पाचव्या टेकला घास गिळवत नाही. चार पानांच्या त्या सीनने माझा एक पूर्ण दिवस आणि पुढच्या दिवसाची सकाळ खाल्ली होती. आज तोच सीन मी असा लिहीन: दोघं ताटावरून उठून आत आलीयत, ओट्याशी उभी आहेत, आणि बाहेरच्या चौघांचं बोलणं आतून फक्त ऐकू येतंय. नाट्य बहुधा वाढतंच, आणि बाहेरचे चौघे नंतर तासाभरात माइकसमोर बसवून रेकॉर्ड करता येतात.

पानांचं गणित

नेहमीच्या पटकथेच्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट धरतात. देवनागरीत टाइप केलेली संहिता फाँट आणि ओळींच्या अंतराप्रमाणे वाढते-घटते, म्हणून संहिता मोठ्याने वाचा, हालचालींना वेळ द्या आणि घड्याळ लावून मोजा. मग प्रत्येक सीनचं ब्रेकडाऊन करा: कुठे, दिवस की रात्र, कोण कोण, काय वस्तू, कपडे कुठले, किती पान. पान आठ भागांत मोजायची पद्धत आहे, म्हणजे छोटा सीन 2/8 पान, मोठा 2 3/8. किचकट वाटतं, पण वेळापत्रक याच आकड्यांवर उभं राहतं.

आता हिशोब करा. 90 पानांची फिल्म 12 दिवसांत करायची म्हणजे रोज साडेसात पानं. दिवस 12 तासांचा. त्यातून जेवणाचा एक तास, सकाळी सामान उघडून पहिला शॉट लागेपर्यंत दीड तास, आवराआवरीचा एक आणि उरलेला अर्धा तास किरकोळ खोळंब्यांना. राहिले आठ तास, म्हणजे 480 मिनिटं. छोट्या युनिटला एक शॉट लावून, तालीम करून, दोन-तीन टेक घ्यायला अर्धा तास लागतो असं धरलं तर दिवसाला 16 शॉट. साडेसात पानांना 16 शॉट, म्हणजे एका पानाला जेमतेम दोन. तुमच्या शॉट डिव्हिजनमध्ये, म्हणजे सीनच्या शॉटवार यादीत, एका पानाला सात शॉट लिहिले असतील तर ते कागदावरच राहणार.

हे गणित शूटिंगच्या महिनाभर आधी झालं तर त्यातून शैली निघते: लांब शॉट, माणसांची हालचाल फ्रेमच्या आत, कमी कट. सेटवर झालं तर त्यातून भांडण निघतं.

आणखी एक. दिवसात लोकेशन बदलू नका. सामान गुंडाळणं, गाडीत भरणं, रस्ता, पुन्हा उतरवणं यात दोन-तीन तास जातात. म्हणून एकाच घरात दोन घरं दाखवता येतील का, हे रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला जाल तेव्हा, बघायचं. मागच्या दाराकडून तेच घर कुणालाही ओळखू येत नाही.

पैसे शेवटाकडून मोजा

रॉबर्ट रॉड्रिगेझची ‘एल मारियाची’ सुमारे 7,000 डॉलरमध्ये झाली, ही दंतकथा प्रत्येक नवशिक्याला पाठ असते. आकडा खराच आहे. फक्त तो कॅमेऱ्यासमोरच्या आणि सुरुवातीच्या एडिटच्या खर्चाचा आहे. स्टुडिओने फिल्म घेतल्यावर थिएटरमध्ये लावण्याजोगा आवाज आणि प्रिंट करण्यावर त्याच्या कितीतरी पट रक्कम घातली. आपल्यामागे असा स्टुडिओ उभा राहील असं गृहीत धरून बजेट करू नका.

पहिल्या फिल्मा अडतात त्या बहुतेक शूटिंगनंतर. फुटेज हार्डडिस्कवर असतं, पैसे संपलेले असतात, एडिटर फुकटात करतोय म्हणून त्याला घाई करता येत नाही. म्हणून मी एक नियम पाळतो: जमलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा शूटिंग संपेपर्यंत हाताला लागणार नाही अशा जागी. त्यातून एडिट, साऊंड, कलर, सबटायटल आणि महोत्सवांच्या प्रवेश फिया. उरलेल्यातले दहा टक्के अडीअडचणीला, आणि अडचण येतेच. बाकीच्यात सगळ्यात आधी कशाचे पैसे काढायचे, तर जेवणाचे आणि प्रवासाचे. लेन्स त्यानंतर. फुकट काम करणाऱ्या माणसाला उशिरा, गार आणि अपुरं जेवण दिलं की त्याला आपण फुकट काम करतोय हे आठवतं.

कर्ज काढून पहिली फिल्म करू नये असं माझं मत आहे. क्रेडिट कार्डांवर फिल्म करून तरून गेलेल्यांच्या मुलाखती होतात, बुडालेल्यांच्या कुणी घेत नाही.

माणसं आणि कागद

छोट्या युनिटची गंमत असते तशी खोडही असते: एकेक जण चार कामं करतो. चालतं ते. पण पुढची तीन कामं दुसऱ्या कशाला जोडून देऊ नका, प्रत्येकाला स्वतंत्र माणूस द्या: आवाज, वेळापत्रक सांभाळणारा असिस्टंट डिरेक्टर आणि फुटेजची कॉपी करणारा. दिग्दर्शकानेच घड्याळ बघायचं ठरवलं की तो ना नटाकडे बघतो, ना घड्याळाकडे.

मित्रांबरोबर कागद करायला लाज वाटते. करा. एका पानाचा पुरतो: काम काय, किती दिवस, पैसे किती आणि कधी, नाव श्रेयनामावलीत कसं येईल, आणि या कामातून तयार झालेल्या गोष्टींचे हक्क निर्मितीकडे. शेवटच्या वाक्याचं महत्त्व तीन वर्षांनी कळतं, जेव्हा एखादा वितरक किंवा ओटीटी मंच फिल्म घ्यायला तयार होतो आणि सगळ्यात आधी लेखक, संगीतकार, नट, घरमालक अशा सगळ्यांचे कागद मागतो. तोवर तुमचा संगीतकार मित्र परदेशी गेलेला असतो, किंवा मित्र राहिलेला नसतो.

‘आत्ता काही नाही, फिल्म विकली गेली की देतो’ हे वाक्य जपून वापरा. बहुतेक छोट्या फिल्मा खर्चाइतकेही पैसे आणत नाहीत. तोंडाने मोठा वाटा देण्यापेक्षा आज थोडी का होईना, ठरलेली रक्कम हातात द्या. तेवढीही नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि दिवस कमी मागा. ‘दोन दिवस फुकट ये’ हे माणूस आनंदाने करतो. ‘ये रे, बघू’ म्हणून बोलावून नऊ दिवस ठेवलं की तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

रेकीला डोळ्यांपेक्षा कान न्या

जागा बघायला जाताना सगळे फ्रेम शोधत असतात. ज्या वारी आणि ज्या वेळी शूट आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी तिथे जा, आणि दहा मिनिटं कुणी काही न बोलता उभे राहा. शेजारी बांधकाम आहे? शाळेची मधली सुट्टी कधी होते? पाण्याचा पंप किती वाजता सुरू होतो? सुंदर उजेडाची, पण वरून सतत विमानं जाणारी खोली संवादाच्या सीनला निरुपयोगी आहे.

मग बाकीचं: प्लग किती आणि एका लाइनवर किती भार चालेल, मेन स्विच कुठे, स्वच्छतागृह कुठे, नटांनी कपडे कुठे बदलायचे, ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजेपर्यंत येतं. आणि तिथले दिवे कॅमेऱ्यात लुकलुकतात का. जिथे वीज 50 हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, म्हणून शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावं लागतं. 60 हर्ट्झच्या ठिकाणी 1/60 किंवा 1/120. शटर अंशांत मोजणाऱ्या कॅमेऱ्यात सेकंदाला 24 फ्रेम असताना 172.8 अंश ठेवले की बरोबर 1/50 होतं. काही स्वस्त एलईडी दिवे यालाही दाद देत नाहीत, म्हणून रेकीलाच दोन मिनिटांचं फुटेज घ्या आणि मोठ्या पडद्यावर बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ती लुकलुक दिसत नाही, एडिटला मात्र डोळ्यांत खुपते.

घर कुणाचंही असो, आत पाऊल टाकल्यावर पहिलं काम: प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक कपाटाचा, टेबलावरच्या वस्तूंचा फोटो. संध्याकाळी तो फोटो समोर धरून सगळं जागच्या जागी. एका घरी आम्ही हे केलं नाही. सगळं ‘साधारण’ जागेवर ठेवलं, केर काढला, आभार मानले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाईंच्या फोटोची चौकट भिंतीवरून काढून आम्ही पलंगाखाली सरकवली होती आणि विसरलो होतो. काच तडकली नव्हती, काही हरवलं नव्हतं. तरी त्यांनी उरलेल्या दोन दिवसांना नाही म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. त्या दोन दिवसांचे सीन आम्हाला भिंतीचा रंग जुळवून दुसऱ्याच घरात करावे लागले.

तालीम फुकट असते

शूटिंगचा प्रत्येक तास महाग, तालमीचा तास जवळपास फुकट. तरी नवे लोक तालमीला फाटा देतात, ‘उत्स्फूर्तता जाईल’ म्हणून. ख्रिस्तोफर नोलनची पहिली फिल्म ‘फॉलोइंग’ (1998) 16 मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर, नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याच्या सुट्टीला, असं जवळपास वर्षभर शूट होत होती. फिल्मचा रोल महाग, म्हणून नटांनी आधीच इतकी तालीम केली होती की एक-दोन टेकमध्ये काम भागावं. आज मेमरी कार्ड स्वस्त आहे, पण संपणारी गोष्ट आता वेगळी आहे: खिडकीतलं ऊन, आणि सहा वाजता निघायचंच आहे असा नट.

सुट्ट्यांना तुकड्यातुकड्यांत शूट करण्याचा मार्ग चांगला आहे, एका अटीवर. मुख्य नटाने केस कापायचे नाहीत, आणि हे त्याच्या घरच्यांनाही सांगून ठेवायचं.

शूटिंगचे दिवस

आदल्या संध्याकाळी कॉलशीट सगळ्यांच्या फोनवर गेलं पाहिजे: पत्ता, वेळ, कुठले सीन, कुणी कधी यायचं, जवळचं हॉस्पिटल. प्रत्येकाला सकाळी सहाला बोलावून दुपारी तीनपर्यंत बसवून ठेवणं ही हातउसन्या वेळेची सगळ्यात मोठी उधळपट्टी. एका पॅकअपपासून पुढच्या कॉलपर्यंत किमान दहा तासांचं अंतर ठेवा. सोळा तास काम करून पहाटे गाडी चालवत घरी जाणारा असिस्टंट हा छोट्या फिल्मचा खरा धोका आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. स्टंट, आग, उंची, खोटी का असेना पण बंदूक, यातलं काहीही जाणकार माणूस आणि परवानगी असल्याशिवाय करू नका. रस्त्यावर खोट्या बंदुकीने खरे पोलीस येतात.

रोजच्या शॉटच्या यादीवर तीन खुणा करा: याशिवाय सीन उभा राहत नाही, असला तर बरं, चैन. चैनीचा शॉट सकाळी घेण्याचा मोह फार होतो, कारण सकाळी सगळे उत्साहात असतात. आधी पहिल्या खुणेचे उरका. संध्याकाळी दोन शॉट गळणारच आहेत, ते कुठले ते तुम्ही सकाळीच ठरवलेलं असू द्या.

आवाज

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो, हलणारा कॅमेरा सहन करतो, पण संवाद कळला नाही की उठतो. ‘टँजरिन’ (2015) आयफोन 5एसवर शूट झाली हे सगळे सांगतात. तिचा आवाज फोनवर घेतला नव्हता, त्यासाठी वेगळा साऊंड रेकॉर्डिस्ट आणि व्यावसायिक सामग्री होती, हे सांगायचं राहून जातं.

पैसे फारच थोडे असतील तर कॅमेऱ्यातून काढून इकडे घाला. एक बरा बूम माइक (लांब काठीवरचा), तो धरणारा आणि हेडफोन लावून ऐकणारा माणूस, वेगळा रेकॉर्डर, दोन कॉलर माइक. कॅमेऱ्यातला आवाज फक्त सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, जुळवायला. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. 32 बिट फ्लोट रेकॉर्डर मिळाला तर अचानक ओरडणाऱ्या नटाने रेकॉर्डिंग फाटण्याची भीती जवळपास जाते. माइक मात्र जवळच लागतो, त्याला पर्याय नाही. फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, आणि वरून, तोंडाकडे रोखलेला. खोली घुमत असेल तर कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला गाद्या उभ्या करा, जाड रजया टांगा.

एका स्वयंपाकघरात आम्ही दीड मिनिटाचा सीन घेत होतो. आई मुलाला काहीच बोलत नाही, नुसते डबे पुसत राहते, असा. तिसऱ्या टेकला सगळं जमलं, मी कट म्हटलं, आणि कोपऱ्यात बसलेल्या साऊंडवाल्या मुलीने मान हलवली. फ्रिज. टेक सुरू झाल्यावर चाळीस सेकंदांनी त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला होता. माणसाचे कान असा आवाज गाळून टाकतात, माइक नाही. आणि एकाच सीनच्या निम्म्या शॉटमध्ये घरघर, निम्म्यात नाही, असं झालं की प्रत्येक कट ऐकू येतो. फ्रिज बंद केला, चौथा टेक घेतला, तिसऱ्याइतका तो आला नाही. तेव्हापासून शूटला गेलो की फ्रिजचं बटण बंद करतो आणि माझ्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. किल्ली घ्यायला उघडल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे बटण परत सुरू करायला विसरत नाही. लोकांचं दूध नासवलं की पुन्हा ते घर मिळत नसतं.

दोन सवयी लावून घ्या. प्रत्येक जागी सीन संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी थांबवून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करायची. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, आणि एडिटमध्ये दोन संवादांमधली फट त्यानेच बुजवावी लागते. दुसरी, ज्या टेकचा आवाज बिघडला तो संवाद तिथेच, नट त्याच भावनेत असताना, कॅमेऱ्याशिवाय पुन्हा म्हणवून घ्यायचा. ‘एल मारियाची’चा कॅमेरा इतका खडखडत होता की रॉड्रिगेझने बहुतेक संवाद असेच, टेक झाल्या झाल्या टेपरेकॉर्डरवर घेतले होते. सहा महिन्यांनी डबिंग स्टुडिओत तोच नट तसा रडत नाही.

फुटेज सांभाळणं

सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्ड करणारा कॅमेरा तासाला 45 जीबी खातो. 90 मिनिटांच्या फिल्मसाठी दहापट शूट केलंत तर 15 तास, म्हणजे 675 जीबी. तीन प्रती ठेवायच्या म्हणजे दोन टीबी. 400 मेगाबिटवर गेलात तर हेच आठ टीबीच्या वर जातं. हार्डडिस्कचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून हवा.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या डिस्कवर, त्यातली एक रोज वेगळ्या घरी. आणि कार्ड रिकामं करण्याचा हक्क एकाच माणसाला. हे मी फार शहाणा म्हणून सांगत नाही. जेवणाच्या गडबडीत, ‘कॉपी झालंय ना?’ असं मीच विचारलं, कुणीतरी ‘हो’ म्हणालं, आणि मी कार्ड फॉरमॅट केलं. तो ‘हो’ म्हणणारा आधीच्या कार्डाबद्दल बोलत होता. सकाळचे चार शॉट गेले. आता भरलेल्या कार्डाला लाल चिकटपट्टी लागते, आणि ती काढणारा माणूस एकच असतो, तो मी नसतो.

एडिटच्या टेबलावर

सेकंदाला किती फ्रेमवर शूट करायचं ते एडिटरशी बोलून पहिल्या दिवसाआधी ठरवा आणि बदलू नका. थिएटरसाठीची डिजिटल कॉपी, म्हणजे डीसीपी, बहुतेक करून बरोबर 24 फ्रेमची लागते. तुम्ही 23.976 वर काम केलं असेल तर दीड तासात पाच सेकंदांहून जास्त फरक पडतो, आणि तो कुणीतरी शेवटच्या रात्री निस्तरत बसतो. सॉफ्टवेअरची काळजी नको, डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीवर एडिट आणि कलर दोन्ही करता येतात.

सगळे सीन ओळीने जोडलेली पहिली जुळणी बघून खचाल. सगळे खचतात. ती लांब असते, संथ असते, आणि तुम्हाला जे वाटत होतं ते तिच्यात नसतं. पंधरा दिवस डिस्कला हात लावू नका, मग अशा पाच जणांना दाखवा ज्यांनी संहिता वाचलेली नाही. ‘आवडली का?’ विचारू नका, भिडेने हो म्हणतील. विचारा: कुठे कंटाळा आला, कोण कुणाचा काय लागतो ते कधी कळलं, शेवटी नक्की काय झालं. तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा आजारी आहे. उपाय मात्र त्यांनी सुचवलेला बहुधा चुकीचा असतो.

संगीताचा सापळा इथेच लागतो. एडिट करताना तात्पुरतं म्हणून एखादं प्रसिद्ध गाणं लावता, चार महिने तेच ऐकता, आणि मग संगीतकाराने केलेलं काहीच बरं वाटत नाही. ते गाणं वापरायचं तर परवानग्या दोन लागतात: एक रचनेची, म्हणजे चाल आणि शब्दांची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. शंभर वर्षांपूर्वीची रचना कदाचित मुक्त असेल, पण कुणीतरी परवा वाजवून रेकॉर्ड केलेली ती तशी नसते. दहा सेकंद वापरलं तर चालतं, ही अफवा आहे. पात्राच्या मागे टीव्हीवर लागलेल्या गाण्यालाही हाच नियम.

दाखवणं

महोत्सवांच्या फिया थेंबाथेंबाने खिसा रिकामा करतात, त्यामुळे आधी यादी, प्रत्येकाचे नियम, मग पैसे. मोठे महोत्सव बहुधा पहिलं प्रदर्शन स्वतःकडे मागतात. घाईने फिल्म इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली टाकलीत तर काही दारं आपोआप बंद होतात. शॉर्टफिल्म करत असाल तर लांबीचा विचार करा. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपटात बसते, पण एका कार्यक्रमात सात-आठ फिल्मा बसवणारा आयोजक 35 मिनिटांच्या एकीसाठी तीन चांगल्या छोट्या का सोडेल? 12 मिनिटांत सांगता येत असेल तर 12 मिनिटांत सांगा.

पाठवण्याच्या वेळी जे हमखास सापडत नाही ते म्हणजे स्थिरचित्रं. फुटेजमधून काढलेली फ्रेम धूसर निघते. शूटिंगचे निदान दोन दिवस कुणालातरी चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला बोलवा. संवाद वगळून बाकीचा सगळा आवाज वेगळ्या ट्रॅकवर काढून ठेवा, दुसऱ्या भाषेत डब करायचं म्हटलं की तोच मागतात. सबटायटल भाषा येणाऱ्या, पण फिल्म न बघितलेल्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

राहिली श्रेयनामावली. ती एडिटच्या शेवटच्या रात्री, झोपेत, आठवून आठवून केली जाते. आमच्या पहिल्या प्रदर्शनाला एक बाई त्यांच्या दोन मुलींना घेऊन आल्या होत्या. त्यांनी तीन दिवस शेजारणीचं काम केलं होतं, शिवाय स्वतःच्या घरच्या साड्या आणि कुकर आणला होता. नावं वर सरकत होती आणि मुली बोट दाखवायला तयार होत्या. नाव आलं ते चुकीच्या आडनावाने. बाई काही बोलल्या नाहीत, मुलींचे हात खाली आले. त्यानंतर मी पहिल्याच दिवशी एक वही फिरवतो. जो सेटवर येईल, मग तो दिवसभरासाठी असो की नुसता गाडी सोडायला आलेला असो, तो स्वतःच्या हाताने आपलं नाव त्यात लिहितो, मराठीत आणि इंग्रजीत, आणि एडिटरला मी तीच वही देतो.